चाकामागचा दगड

श्रावणातल्या एका सोमवारी दुपारी आमची गाडी गल्लीच्या उतारावरून मागं आली. आई गाडीच्या मागं होती. आप्पा गाडीतून उतरले होते. वळणावरच्या घराच्या भिंतीपाशी गाडी थांबली. दवाखान्यात पोचायच्या आधी आई गेली.

मी तेव्हा गारगोटीला होते. तिथल्या कॉलेजच्या ग्रंथालयात नोकरीला लागून मला काही वर्षं झाली होती. ऑफिसातला शिपाई येऊन म्हणाला, "मॅडम, कोल्हापूरहून फोन हाय, लगेच या म्हणत्यात." मी हातातलं पुस्तक कपाटात लावलं, त्याच्या जागेवरच लावलं, आणि मग फोनकडं गेले. एसटीत बसल्यावर मला त्या पुस्तकाचा क्रमांक आठवत होता. आईचा चेहरा मात्र आठवत नव्हता.

आप्पांच्या डाव्या पायात लहानपणापासून जोर नव्हता. पोलिओ. आजऱ्याकडच्या एका खेड्यात, धर्मांतराच्या पिढीतल्या शेतमजुराच्या घरी ते वाढले. चालता येत नाही म्हणून शेतावर नेण्यात अर्थ नव्हता. म्हणून शाळेत घातलं, असं ते सांगायचे. "माझ्या शिक्षणाला सगळ्यात जास्त मदत या पायाची झाली," हा त्यांचा ठरलेला विनोद. पुढं ते कोल्हापुरात एका हायस्कूलमध्ये विज्ञानाचे शिक्षक झाले आणि चढावरच्या या गल्लीत त्यांनी घर बांधलं. चढावरच्या जागा तेव्हा कुणी घेत नव्हतं.

नव्वदीच्या त्या वर्षांत त्यांच्याकडं मागं दोन जादा चाकं लावलेली स्कूटर होती. आमच्या फाटकाशी उतार एवढा, की ब्रेकवरचा पाय काढला की स्कूटर मागं जाणार. आणि पाय काढल्याशिवाय आप्पांना उतरता येणार नाही. म्हणून आईनं एक दगड ठेवला होता. घराच्या पायाच्या वेळी उरलेला काळा दगड, एका अंगाला सपाट. संध्याकाळी स्कूटरचा आवाज वळणावर आला की ती हातातलं काम टाकून दगड घेऊन बाहेर यायची. आप्पा ब्रेक दाबून बसलेले असायचे. ती बाजूनं वाकून चाकामागं दगड सरकवायची.

"लावला का?"

"लावला की. उतरा आता, सरकार."

सारी गल्ली हे बघत आली होती. आईला घरातून यायला उशीर झाला तर कुणीतरी ओरडायचंच, "अवं बाई, सर आल्यात, दगड आणा!" समोरच्या आक्का तर म्हणायच्या, "दुसऱ्या बायका नवऱ्याला पाणी घिऊन येत्यात, तू धोंडा घिऊन येतीस." त्यावर आई म्हणायची, "पाण्यानं थांबतोय व्हय त्यो?"

मग गाडी आली. दोन हजारनंतरची गोष्ट. क्लच नसलेली, आपोआप गिअर पडणारी गाडी आमच्या भागात तेव्हा कुणाकडं नव्हती. तिला डावा पाय लागतच नाही, हे आप्पांनी कुठल्याशा मासिकात वाचलं आणि त्यांना दुसरं काही सुचेना. गाडी दारात आली त्या दिवशी ते शाळेतल्या मुलासारखे वागत होते. पन्नाशी ओलांडलेला माणूस, पण गाडीतून उतरून आत यायचा आणि पुन्हा बाहेर जाऊन बसायचा. शोरूमच्या माणसानं त्यांना सांगितलं होतं, "सर, गिअरचं लिव्हर पी वर, म्हणजे पार्किंगला, टाकलं की गाडी डोंगरावरसुद्धा हलायची नाही." आप्पांनी ते तसंच स्वीकारलं नाही. त्यांनी लिव्हर पी वर टाकलं, उतरले, आणि मला, आईला आणि गल्लीतल्या दोघातिघांना गाडी ढकलायला लावली. आम्ही जोर लावला. गाडी इंचभरही सरकली नाही.

"बघितलं?" ते आईला म्हणाले. "आता तुझ्या त्या दगडाला रिटायर कर."

"तुमच्या आधी?" आई म्हणाली.

सगळे हसले. आप्पाही हसले. आई दगड घेऊन उभीच होती, हे त्या वेळी मला विशेष वाटलं नाही.

गाडीला त्यांनी नारळ फोडला नाही, चाकाखाली लिंबू ठेवलं नाही. घरात तशी पद्धतच नव्हती. शिवाय आप्पांचा यंत्रांवर विश्वास होता, आणि तोही त्यांच्या पद्धतीचा. वर्गात ते मुलांना सांगायचे, प्रयोग चुकला तर आधी स्वतःला तपासा. उपकरण विसरत नाही, माणूस विसरतो. हे वाक्य मी त्यांच्या तोंडून लहानपणापासून ऐकत आले होते. पुढं त्यांनी ते स्वतःवरच वापरलं.

त्या सोमवारी रात्री मी घरी पोचले तेव्हा ते व्हरांड्यात खुर्चीवर होते. माझा हात धरून पहिलं वाक्य बोलले ते हे: "पी वर टाकली होती गं मी."

पण पंचनाम्यात लिव्हर न्यूट्रलवर असल्याचं आलं. आईला भिंतीपासून सोडवण्यासाठी गल्लीतली माणसं धावली होती. कुणी आत शिरलं, कुणी पुढून ओढलं, कुणी मागून लोटलं. त्या गडबडीत लिव्हर कुणी हलवलं का, हे नंतर कुणालाच सांगता आलं नाही. मी एकेकाच्या दारात जाऊन विचारलं. "हलवलंबी असंल, बाई. ध्यान न्हाय. त्या टायमाला कोण बघतंय?" खरंच होतं ते. ती माणसं आईला सोडवत होती, पुरावा जपत नव्हती. हॅन्डब्रेक ओढलेला नव्हता, हेही लिहिलं गेलं. पावसाळ्यात त्याची वायर चिकटते म्हणून आमच्याकडं त्या दिवसांत तो कुणीच ओढत नाही. पण हे काही पंचनाम्यात येत नाही. सरकारी तपासणीत गाडीत दोष सापडला नाही.

गल्लीचं मत झालं ते हळू आवाजात, पण आमच्या कानावर येईल असं. अधू पायाच्या माणसानं गाडीच्या नादी लागायचंच कशाला. एक नारळ फोडला असता तर काय बिघडलं असतं. ही माणसं वाईट नव्हती. आईच्या मागं पंधरवडाभर आमच्या घरी चूल पेटली नाही ती त्यांच्याच डब्यांमुळं. डबा द्यायला येणारी बाई दारात थांबायची, आप्पांकडं बघायची, मान हलवायची आणि जायची. आप्पांना त्या मान हलवण्याचा अर्थ कळत होता.

पाऊस संपेपर्यंत त्यांचं वाक्य बदललं होतं. आधी ते "टाकली होती" असं होतं. मग एक दिवस जेवताना त्यांनी मला विचारलं, "टाकली होती ना गं?" जणू मी तिथं होते. मग "टाकली नसेल." दिवाळीच्या सुमारास ते ओळखीच्या एका वकिलाला शांतपणे सांगत होते, "मी विसरलो. लिव्हर न्यूट्रलवर राहिलं."

"सर, असं बोलू नका," वकील म्हणाले. "केस लढवू. संशयाचा फायदा मिळंल."

"कुणाच्या संशयाचा?"



मी आप्पांना कारण विचारलं. एवढ्या खात्रीनं तुम्ही कसं म्हणता? त्यांनी कारण दिलं, आणि ते कारण पुढं बरीच वर्षं मला खोडता आलं नाही. ते म्हणाले, "गाडी आल्यापासून तुझ्या आईनं दगड सोडला होता. कधीच लावला न्हाय. मग त्या दिवशीच ती दगड घेऊन का आली? खिडकीतनं तिनं बघितलं असणार. गाडी हलतीय, मी काहीतरी विसरलोय, हे तिला दिसलं. म्हणून धावली."

दगड आईच्या हाताजवळच सापडला होता.

कोर्टात त्यांनी गुन्हा कबूल केला. न्यायाधीश बाईंनी त्यांच्या पायाकडं पाहिलं आणि मयत कोण आहे ते वाचलं. मग दंड आणि कोर्ट उठेपर्यंतची कैद, अशी शिक्षा दिली. म्हणजे संध्याकाळी कामकाज संपेपर्यंत तिथंच बसून राहायचं. आप्पा मागच्या बाकावर बसले. मी शेजारी बसले. दिवसभर दुसऱ्यांच्या केसेस चालल्या. बांधाची भांडणं, चेक न वटल्याच्या तक्रारी. संध्याकाळी सगळे उठून उभे राहिले, न्यायाधीश बाई आत गेल्या, पंखे बंद झाले. पोलीस येऊन म्हणाला, "चला सर, झालं. सुटला तुम्ही." आप्पा उठले नाहीत. त्यांच्या पायाला मुंग्या आल्या असतील असं समजून पोलिसानं हात दिला.

घरी आल्यावर ते म्हणाले, "ते कोर्ट काय उठायचं नाही आता."

त्यानंतर मी कोल्हापुरात बदली मागून घेतली. आप्पा निवृत्त झाले. पोलिसांनी सोडलेली गाडी घरामागच्या मोकळ्या प्लॉटवर, सपाट जागेत, मालकाला विचारून ताडपत्रीखाली ठेवली. गडहिंग्लजचे एक लांबचे पाहुणे विकत घ्यायला तयार होते. आप्पांनी नाही म्हणून सांगितलं. "विकून मोकळा होऊ म्हणतोस व्हय?" असं ते त्यांना म्हणाले. पाहुण्यांना काही कळलं नाही. मला कळलं. स्वतःची पुस्तकं आप्पांनी हळूहळू शाळेला देऊन टाकली. मी ग्रंथालयातून काही ना काही आणायची. ते पहिलं पान उघडायचे आणि पुस्तक मांडीवर तसंच राहायचं. संध्याकाळ झाली की एखादी स्कूटर वळणावर गिअर बदलायची आणि त्यांचा उजवा पाय जमिनीवर दाबला जायचा. हे त्यांना माहीत नव्हतं.

अशी काही वर्षं गेली. एके दिवशी दुपारी घरच्या फोनवर एका मुलीचा आवाज आला. गाडी आमच्याच नावावर आहे ना, हे तिनं विचारून घेतलं आणि पाठ केल्यासारखं म्हणाली, "तुमच्या मॉडेलच्या गाड्या कंपनीनं परत बोलावल्यात मॅडम. घाबरायचं कारण नाही. छोटंसं काम आहे, पूर्ण मोफत."

"काय काम?"

"गिअरबॉक्समधला एक पार्ट बदलायचाय. सेफ्टीसाठी."

गाडी चालू होत नाही म्हटल्यावर वर्कशॉपचा माणूस ओढून न्यायची गाडी घेऊन आला. कंपनी गाड्या परत बोलावते, ही गोष्टच तेव्हा आमच्याकडं नवी होती. ताडपत्री काढून त्यानं गाडीभोवती फेरी मारली.

"मागं ठोकलीय व्हय कुठं?"

"हो," मी म्हणाले. "कुठला पार्ट बदलणार?"

"आत एक खटका असतोय बघा. पी वर टाकलं की त्यो दात्यात अडकतोय आणि चाकं धरून ठेवतोय. ह्या गाड्यांत कधीकधी लिव्हर पी वर असतंय, पर खटका बसतच न्हाय. समोर तर पी दिसतंय. उतारावर असली तर गाडी सुटती."

"लगेच सुटते?"

"काय भरवसा न्हाय. कधी लगेच, कधी माणूस उतरून चार पावलं गेल्यावर, कधी तासाभरानं. वरनं कागद आलाय तसा." मग माझ्याकडं बघून म्हणाला, "तुमास्नी काय तरास झाला न्हाय ना, ताई?"

तो गाडी घेऊन गेला आणि मी घरात धावले. धावले हा शब्द मी विचार करून लिहिते आहे. आई गेल्यापासून त्या घरात कुणी धावलं नव्हतं.

आप्पांनी सगळं ऐकून घेतलं. ते वर्गात उत्तर ऐकायचे तसं, मान एका बाजूला करून. मग विचारलं, "प्रत्येक गाडीत होतं?"

"नाही. कधीकधी."

"म्हणजे झालं असेल, एवढंच सिद्ध होतं. झालं, हे सिद्ध होत नाही."

"आप्पा, तुम्हीच म्हणाला होता, पी वर टाकली म्हणून. पहिल्या रात्री."

"म्हणालो होतो. मग ती दगड घेऊन का आली, ते सांग."

पण या वेळी मी तिथंच थांबले नाही. इतक्या वर्षांत मी गल्लीत लिव्हरबद्दल विचारलं होतं. दगडाबद्दल कुणालाच विचारलं नव्हतं. मी समोरच्या आक्कांकडं गेले. त्या उंबऱ्यावर शेंगा फोडत बसल्या होत्या.

"आक्का, गाडी आल्यावर आईनं दगड लावायचा सोडला होता का?"

"कोण म्हणतंय?" आक्कांनी हात थांबवला. "रोज लावायची की. सर आत जाऊन हातपाय धुईपर्यंत थांबायची, चहा टाकायची, मग हळूच भायेर येऊन दगड लावायची. सकाळी सर निघायच्या आधी काढून ठिवायची. मी म्हनायची, अगं, कुणाची चोरी हाय व्हय? तर म्हनायची, त्यानला दिसाय नगं. त्यानला वाटंल, गाडी आली तरी मी त्यानला लंगडाच समजतो."

'समजते' नव्हे, 'समजतो' म्हणायची आई. आमच्याकडं बायका तशाच बोलतात. आक्कांच्या तोंडून मला तिचा आवाज ऐकू आला.

"मग त्या दिवशी?"

"त्यादिशी सोमवार. शाळा लवकर सुटल्याली. पोरं खाली वळणावर खेळत हुती. सर दारात चपला काढत हुते, पाठ हिकडं. ती काय थांबली न्हाय. खाली पोरं दिसल्यावर कशी थांबंल? दगड घिऊन मागं गेली, वाकली..." आक्कांनी शेंगांची टरफलं पदरातून झटकली. "पोलिसांनी मला इचारलं, काय बघितलं? मी बघितल्यालं सांगितलं. रोजचं कुणी इचारलंच न्हाय. आनि सरांना कुटल्या तोंडानं सांगू?"

आईनं त्या दिवशी खिडकीतून काही पाहिलं नव्हतं. गाडी हलताना दिसली म्हणून ती धावली नव्हती. ती रोजच्यासारखी आली होती. आणि त्या खटक्याचा दोष इतके दिवस कुणाला का कळला नाही, तेही मला आता कळलं. तो जेव्हा जेव्हा बसला नसेल, तेव्हा आईच्या दगडानं गाडी धरली असेल. आप्पांचं कारण मोडलं होतं. मला वाटलं, आता त्यांना सोडवता येईल.

मी आप्पांना सांगितलं. शब्द न बदलता, आक्का बोलल्या तसं. लंगडा हा शब्दही गाळला नाही. त्यांना शब्द गाळलेले कळायचे.

मग त्यांनी मला प्रश्न विचारायला सुरुवात केली. एकेक, सावकाश. मी त्यांची विद्यार्थिनी असल्यासारखं.

"स्कूटर होती तेव्हा ती दगड कधी लावायची?"

"तुम्ही उतरायच्या आधी."

"तेव्हा माझा पाय कुठं असायचा?"

"ब्रेकवर."

"आणि गाडी आल्यावर?"

मी उठायला लागले.

"सांग की."

"तुम्ही उतरल्यावर."

"का?"

"आप्पा, राहू दे."

"मला दिसू नये म्हणून. मी हसलो होतो त्या दगडाला. सगळ्या गल्लीसमोर." त्यांनी डावा पाय हातानं उचलून नीट ठेवला. "मी ब्रेक धरून बसलो असतो तर ती बाजूनं लावून आली असती. पूर्वीसारखी. मग तो खटका बसला काय, न बसला काय."

मी म्हणाले, दोष कंपनीचा आहे. त्यांनीच कबूल केलंय, म्हणून तर गाड्या परत बोलावल्या. आपण दाद मागू. त्यांनी मान हलवली. रागानं नव्हे, एखादा मुलगा बरोबर रीतीनं चुकीच्या उत्तराला पोचला की ते हलवायचे तशी. लिव्हर विसरल्याची चूक खोटी निघाली होती. तिच्या जागी आता खरी आली होती, आणि ती देणारी मी होते. तोपर्यंत त्यांच्या मनात कुठंतरी थोडी शंका होती. कधीतरी, ताप असताना वगैरे, ते "टाकली होती" असं पुटपुटायचे. त्या दिवसानंतर ते कधीही पुटपुटले नाहीत.

गाडी दुरुस्त होऊन परत आली. आणून देणारा माणूस किल्ली माझ्या हातात ठेवत म्हणाला, "आता उतारावर बिनधास्त लावा." मागचा चेपलेला पत्राही त्यांनी आपणहून सरळ करून दिला होता. आप्पा बाहेर आले नाहीत.

मी कंपनीला पत्रं लिहिली. एकाला उत्तर आलं. त्यात आमच्या सहकार्याबद्दल आभार होते. वकील म्हणाले, गुन्हा कबूल झाल्यावर आता अवघड आहे. बाई, सरांनी ऐकलं असतं तर. पुढं मी लिहायचं थांबवलं. आप्पांना ते नको होतं आणि आईला त्याचा उपयोग नव्हता.

आप्पा त्यानंतर फार जगले नाहीत. शेवटच्या आजारात मला वाटायचं, ते कधीतरी काही बोलतील, निदान आईबद्दल. ते माझ्या ग्रंथालयाबद्दल विचारायचे, वेळेवर जात जा म्हणायचे. एकदा संध्याकाळी वळणावर कुणाची तरी गाडी आली आणि त्यांनी मला म्हटलं, "बघ गं, कुणी दगड लावलाय का." मी बाहेर जाऊन आले आणि लावलाय म्हणून सांगितलं. कुणी लावला नव्हता.

विहारात पुण्यानुमोदन झालं तेव्हा त्यांचे जुने विद्यार्थी आले होते. एकानं बोलताना सरांचं ते वाक्य सांगितलं, उपकरण विसरत नाही, माणूस विसरतो. पुष्कळांना ते पाठ होतं. मी मागच्या रांगेत बसून ऐकलं. ते वाक्य कसं चुकीचं ठरलं, हे तिथं सांगण्याची जागा नव्हती. दुसरी जागा कुठली, हेही मला माहीत नाही.

गाडी मी मोडीत काढली. आक्का मागच्या हिवाळ्यात गेल्या. आता घरात मी एकटी राहते. गल्लीत कुणी उतारावर गाडी लावली की मी खिडकीशी उभी राहते, माणूस उतरून लांब जाईपर्यंत. दगड फाटकाच्या आत आहे.